वीस केबीचा माणूस

समुद्रपूरच्या माझ्या दुकानावर अजून ‘फोटो स्टुडिओ’ अशी पाटी आहे. पण गेली कित्येक वर्षं मी फोटो काढतो कमी आणि लहान करतो जास्त. परीक्षेचा अर्ज असो, पीक विम्याचा असो की सवलतीच्या कार्डाचा, अट एकच: फोटो वीस केबीच्या आत हवा. चांगल्या कॅमेऱ्यानं केसन् केस दिसेल असा माणूस टिपायचा, आणि मग त्या लाखो ठिपक्यांतले मूठभर ठेवून बाकीचे फेकून द्यायचे. दिवसभर हेच. खरं सांगतो, या कामाचा मला वीट आला आहे.

कंटाळलेल्या हातांना खोडी लागतात. माझी खोड अशी की लहान केलेला फोटो मी त्याच नावानं सेव्ह करायचो. वेगळं नाव द्यायचं म्हणजे चार बटणं जास्त दाबायची. मूळ मोठा फोटो त्यात कायमचा पुसला जातो, हे मला माहीत होतं. पण अर्ज भरला की मूळ फोटो विचारतो कोण?

गेल्या उन्हाळ्यात कापसाच्या जिनिंग मिलमध्ये काट्यावर कापूस मोजणारे एक गृहस्थ वारले. नवव्या दिवशी त्यांच्या पत्नी दुकानात आल्या.

“भाऊ, तेरवीले फोटो ठेवा लागते. यायचा घरी एकबी नाई. मागं फारमासाठी तुमच्याकडं काढला होता, तोच मोठा करून द्या.”

हा माणूस कॅमेरा दिसला की पळायचा. नात्यातल्या लग्नांच्या अल्बमांतसुद्धा पंगतीत वाढताना, तेही पाठमोरा. आधार कार्डावर तर नुसती काळी सावली. म्हणजे साऱ्या जगात त्याचा चेहरा फक्त माझ्या कॉम्प्युटरात होता. मी फाइल शोधली. सापडली. एकोणीस केबी.

भिंतीवरच्या फ्रेमएवढा केला तेव्हा डोळ्यांच्या जागी काळपट चौकोन उरले. वरणात पाणी ओतून पंगत उरकता येते, पण डाळ काही वाढत नाही. फोटोचंही तसंच. मधले ठिपके कॉम्प्युटर अंदाजानं भरतो. मग हल्ली निघालेल्या एआयच्या अ‍ॅपमध्ये तो फोटो घातला आणि चेहरा एकदम लख्ख झाला. मला वाटलं, सुटलो.

वहिनींनी स्क्रीनकडे पाहिलं. “हे कोन होय जी?”

“तेच आहेत, वैनी.”

“यायच्या भिवईवर तं वण होता. जिनिंगमधला पट्टा तुटून लागला होता. तो काऊन पुसून टाकला?”

मी पुसला नव्हता. एकोणीस केबीत त्या वणाला दोन-तीन ठिपके मिळाले होते, आणि मशीननं ते मळ समजून साफ केले होते. “मुळात फोटोच लहान आहे,” मी म्हणालो. तो लहान कुणी केला, ते काही बोललो नाही.

त्यांनी तो लहान फोटो पुन्हा दाखवायला सांगितला. तिकिटाएवढा होता, पण ठिपके जवळजवळ असल्यानं माणूस ओळखू येत होता. माहीत असलं तर भिवईतली वणाची फटसुद्धा दिसत होती.

“हेच आहेत,” त्या म्हणाल्या. “मोठे नका करू. एवढेच द्या.”

तेरवीला मोठ्या फ्रेमच्या मधोमध तो तिकिटाएवढा फोटो होता, भोवती नुसता पांढरा कागद. हार घातला तर चेहरा झाकला जायचा, म्हणून वहिनींनी खाली एकच झेंडूचं फूल ठेवलं होतं. येणारा प्रत्येक जण आधी लांबून हात जोडायचा, मग दिसत नाही म्हणून जवळ जाऊन वाकायचा. मीही वाकलो.

पंगतीत वहिनी स्वतः माझ्यासमोर येऊन थांबल्या.

“तुमी जपून ठेवला म्हनून एवढे तरी रायले, भाऊ. नाई तं मी काय पायलं असतं?”

खरं सांगायची हीच वेळ होती. त्यांनी माझ्या पानात आणखी एक लाडू वाढला, आणि मी मान खाली घालून तो खाल्ला.