सोनकांबळे काकांचा मेमो

मंदीत माझी नोकरी गेली आणि २००८च्या डिसेंबरात मी गुडगावहून गाशा गुंडाळून जयपूरला, आदर्श नगरात आईबाबांकडे परत आले. सहा महिने घरी बसले. बसले मतलब रडत नाही बसले. एक दणकट जुना कॉम्प्युटर जमवला आणि त्याच्या पोटात चार आभासी कॉम्प्युटर चालवायला शिकले. एकच डबा, पण आत चार यंत्रं, प्रत्येकाचा नेटवर्कवरचा पत्ता वेगळा. आई म्हणाली, "एकात चार? मग तीन विकून टाक की!"

शेवटी मे महिन्यात पुण्याच्या एका कंपनीनं परीक्षा ठेवली. दुपारी चार वाजता त्यांचा माणूस इंटरनेटवरून माझ्या डब्यात शिरून काम तपासणार होता. मेलमध्ये साफ लिहिलं होतं, जोडणी लागली नाही तर पुढचा उमेदवार.

आणि सकाळी दहा वाजता जोडणी तुटायला लागली! चारांतल्या मुख्य यंत्राला नेटवर्कवरून चार हाका मारल्या की कधी चारही उत्तरं यायची, मग तीन गायब, मग पुन्हा दोन. मी केबल बदलली, मोडेम बंद-चालू केला, पिना पुसल्या. इंटरनेटवाला भैया येऊन "मैडम, लाइन तो ठीक है" म्हणून गेला. कूलरचं पाणी वायरीपाशी ठिबकताना दिसलं आणि मी आईवर जी घसरले! "तुला शंभरदा सांगितलं, कूलर तिकडे ढकल!" आईनं पदराला हात पुसले आणि सरळ दोन घरं पलीकडे जाऊन नागनाथ सोनकांबळे काकांना घेऊन आली.

काका रेल्वेत सिग्नलच्या तारा सांभाळायचे. मूळचे नांदेडकडचे, जयपुरात वीस वर्षं काढलेली, पण हिंदी बोलले तरी मराठवाडाच ऐकू यायचा. खिशात दोन पेनं, हातात मीटर. रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि ते त्यांनी दारातच सांगून टाकलं.

त्यांनी केबलची आठही तारा एकेक करून तपासली. मग तीच केबल बाबांच्या लॅपटॉपला लावली. नेट झकास चाललं.

"तार चांगली हाय," काका म्हणाले. "कूलरचाबी दोष नाही. आता सांग माय, काल सकाळपासून तू कशाकशाला हात लावलास?"

"कशालाच नाही!" मी फिसकारले. "काल रात्री सगळं व्यवस्थित चालू होतं."

काकांनी वहीचं पान फाडून माझ्यापुढे ठेवलं. "आमच्यात स्टेशन मास्तरला लेखी मेमो दिल्याबिगर स्क्रूलासुद्धा हात लावता येत नाही. काम झालं की दुसरा मेमो. तू दिला नाहीस, तर आता लिही. वेळ टाकून लिही."

साडेबारा वाजले होते आणि हे गृहस्थ मला निबंध लिहायला लावत होते! माझं तोंड बघून ते खुर्चीत टेकले.

"एका बारक्या स्टेशनवर सिग्नल बिघडला तेव्हा मीबी असंच म्हटलो होतो, कशाला हात लावला नाही. खोटं बोललो नव्हतो गं, विसरलो होतो. माझ्या जागी हाताखालच्या खलाशाला चार्जशीट मिळाली. दुसऱ्या दिवशी जाऊन कबूल केलं, पण त्याची ती रात्र गेलीच की."

मी निमूट लिहायला लागले. सकाळी नऊ, लाइट गेली आणि आली, डबा आपोआप सुरू झाला. काल सहा, जेवणाआधी कूलर भरला. काल पाच, मुख्य यंत्राची एक नक्कल करून ठेवली, उद्या काही बिघडलं तर हाताशी असावी म्हणून.

पेन थांबलं. नक्कल पहिल्यांदा उघडली तेव्हा डब्यानं विचारलं होतं, हे यंत्र हलवलंय की त्याची प्रत काढलीय? मी घाईत "हलवलंय" दाबलं होतं. म्हणजे नकलेला मूळ यंत्राचाच पत्ता मिळाला. काल तपासून मी ती बंद केली होती. पण डबा सुरू झाला की सगळी यंत्रं आपोआप उठावीत, ही सोय मीच करून ठेवलेली. लाइट आल्यावर मूळ यंत्राबरोबर नक्कलही उठली होती. एका पत्त्यावर दोघं, मग उत्तर कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे!

नक्कल बंद केली. हाक मारली. शंभर हाकांना शंभर उत्तरं.

मी आधी स्वयंपाकघरात गेले. "आई, कूलर नव्हता. माझंच चुकलं." आई पोळी लाटत म्हणाली, "ते मला ठाऊक होतं. काकांना चहा दे."

चारला पुण्याचा माणूस आत आला, सगळं तपासलं, मग फोनवर विचारलं, "अलीकडे सापडलेला एखादा बिघाड सांगा." बढाई मारता आली असती. मी आजचाच सांगितला. कुणी केला? मी. कुणी शोधून काढला? शेजारच्या काकांनी, कागद पुढे ठेवून. तो म्हणाला, "एक तारखेला येता?"

मी धावत काकांकडे गेले. ते नुकते झोपून उठले होते. पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागेच घेतले.

"ते नको, माय. माझ्या पाया कुणी पडलेलं मला चालत नाही. हात मिळव."

वडिलांच्या वयाच्या माणसानं असा बरोबरीचा हात माझ्यापुढे तोवर कधी केला नव्हता. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि ढसाढसा रडले, लपवत नाही. काकांचे किती उपकार मानू, तेच कळेना.

"रडू नको," काका म्हणाले. "आजपासून तूबी लाइनवरची माणूस."