घमेल्याखालचा पॉइंट

दिगांबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात दात घासत उभा होतो. फोनवर त्याची बायको, लतावहिनी. "भाऊजी, हे गेले," एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला. माणसाचं मन मोठं विचित्र असतं... जन्माचा मित्र गेल्याचं कळलं आणि माझ्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा काय आलं, तर बोरगाव मेघेच्या त्याच्या टेनिस कोर्टावर पालथं घातलेलं एक घमेलं. त्याच्याखाली आमच्या शेवटच्या सेटचा निकाल झाकलेला होता. आता या गोष्टीला महिना उलटून गेला. लिहायला बसलोय, जमेल तेवढं लिहितो.

दिगू व्यावसायिक टेनिसपटू होता असं सांगितलं की लोक अजूनही मला थापाड्या समजतात. वर्धा जिल्हा आणि टेनिस? पण आम्ही दोघं पुलगावचे. दोघांचे वडील तिथल्या लष्कराच्या दारूगोळा डेपोत कामाला. तिथं जवळच साहेबलोकांचं एक कोर्ट होतं आणि उन्हाळ्यात भर दुपारी तिकडं कुणी फिरकत नसे. ती वेळ आमची. कोर्ट मुरुमाचं, वरून शेणानं सारवलेलं. अशा जमिनीवर चेंडू उसळत नाही, घोट्याजवळून सरपटत निघून जातो. त्यामुळे दिगू पहिल्यापासून वाकून खेळायला शिकला. जीव खाऊन चेंडू हाणणं त्याला जमलं नाही आणि त्याला त्याची हौसही नव्हती. चेंडूच्या खालून रॅकेट इतकी अलगद काढायचा की चेंडू कसाबसा जाळी ओलांडून तिथंच बसकण मारायचा. समोरचा धापा टाकत पोचेपर्यंत खेळ खलास. त्याच्या एकहाती बॅकहँडवरून मी त्याला फार चिडवायचो. "टेनिस खेळतं का भाकर उलथतं बे?" तो शांतपणे म्हणायचा, "तुझं पोट भरलं न? मंग झालं." पोट भरायचंच, कारण मी रोज हरायचो. तेव्हापासून आजपर्यंत मी दिगूकडून एकही सेट घेतलेला नाही. ही कबुली आधीच देऊन टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मी भूगोलाचा प्राध्यापक झालो आणि तो खेळत राहिला. आधी नागपूर, मग दिल्ली-चेन्नई, मग परदेशातल्या छोट्या स्पर्धा. जगाच्या यादीत त्याचं नाव पार खाली कुठंतरी असायचं, शोधावं लागायचं, पण असायचं! एका खोलीत चौघं झोपायचे आणि आईनं दिलेल्या जवसाच्या चटणीवर तो आठवडा काढायचा. सिमेंटच्या कोर्टावर त्याचे हाल व्हायचे. चेंडू कानापर्यंत उसळायचा आणि आमच्या भाकर उलथणाऱ्याची निम्मी विद्या फुकट जायची. मातीवर मात्र त्यानं त्याच्याहून कितीतरी वरच्या खेळाडूंना गुडघ्यावर आणलं. असा फिरून फिरून गावी आला की बॅग टाकायला घरीसुद्धा जात नसे. थेट माझ्या दारात, "चाल, खेळू." आणि मला हरवूनच मग आईला भेटायला जायचा.

मातीच्या कोर्टावर चेंडूचा ठसा उमटतो. वाद झाला की ठसा बघतात, आणि ज्याच्या बाजूला तो असेल त्यानं स्वतःच्या बुटानं तो पुसला, तर त्यानं पॉइंट समोरच्याला दिला असं समजतात. परदेशात एकदा एका मोठ्या स्पर्धेचं दार अगदी उघडत आलं होतं. शेवटचा सेट, निर्णायक क्षण. समोरच्याचा चेंडू बाहेर गेला असं पंच म्हणाले. दिगू ठशापाशी गेला, वाकून बघितलं आणि बुटानं तो पुसून टाकला. ती मॅच गेली आणि तसं दार त्याच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. परत आल्यावर मी त्याच्यावर खूप चिडलो. "काऊन पुसला बे? पंच बोलले होते न?"

"लागलता रेषेले. मले दिसला."

"मग भांडाचं तरी!"

"परक्या माणसाशी काय भांडाचं? भांडाले तू हायेस न."

आणि हे मात्र शंभर टक्के खरं. जगाला उदार मनानं पॉइंट वाटणारा हा माणूस माझ्याशी एकेका चेंडूसाठी लहान पोरासारखा भांडायचा. चेंडू धडधडीत आत पडलेला असला तरी मान्य करायचा नाही. मला त्याचा राग यायचा आणि, खरं सांगतो, बरंही वाटायचं.

खांदा निकामी झाल्यावर तो कायमचा परत आला. वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला त्याच्या घराला लागून असलेल्या जागेत काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडणारी. ती उपसून त्यानं मुरूम टाकला, कोर्ट केलं, पोरापोरींना शिकवलं. दर रविवारी सारवण मात्र स्वतःच्या हातानं.

त्या शेवटच्या संध्याकाळी तो मधूनमधून खुर्चीवर बसत होता. मला वाटलं, वय झालं. पण पहिल्यांदाच मी पुढं होतो आणि सेट माझा व्हायला एकच पॉइंट हवा होता. मी त्याच्या मागच्या कोपऱ्यात चेंडू मारला.

"आउट!" दिगू ओरडला.

"आत हाय!" मी जाळीला वळसा घालून धावलो. ठशापाशी दोन म्हातारे ओणवे. उजेड गेलेला, त्याचा चष्मा घरात.

"रेषेच्या न ठशाच्या मधात जागा हाय, पाह्य," दिगू म्हणाला.

"कुठं हाय? दाखव मले!"

ओट्यावरून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, चहा थंडा होऊन राह्यला!" शेवटी दिगूनं शेण कालवायचं घमेलं आणून ठशावर पालथं घातलं. "सकाळी उजेडात पाहू. हात नोको लावजो."

सकाळी त्याला सावंगीला दवाखान्यात नेलं होतं. मी भेटायला गेलो तर नळ्यांच्या गुंत्यातून पहिला प्रश्न, "घमेलं हाय न जागेवर?"

"हाय."

"उचलून त नाई पाह्यलं?"

"मी तुझ्यावानी बेइमान नाई."

तो हसला. "राहू दे. मी आल्यावर पाहू."

...तो आला नाही.

तेरवीनंतर वहिनी मला कोर्टावर घेऊन गेल्या. "उचला एकदाचं, भाऊजी. कोन जिंकलं ते त कळू द्या." मी घमेलं उचललं. खाली ठसा नव्हता. तेवढीच जागा शेणानं नव्यानं सारवलेली आणि त्यात त्याच्या चार बोटांच्या रेघा सुकलेल्या.

वहिनींना एकदम आठवलं. "त्या दिवशी गाडी दारात उभी होती. म्हने थांब, एक काम राह्यलं. कोर्टावर गेलते. आले त हात शेनानं भरलेला. मीच धुवाले लावला."

म्हणजे मी जिंकलो होतो. मी तिथंच बसलो आणि रडलो, आणि मग मला त्याचा भयंकर राग आला. परक्या माणसाशी काय भांडायचं, म्हणायचा ना हा? मग जाताना मला परक्यांत बसवून गेला? आपण परत येणार नाही हे त्याला कळलं असणार, म्हणून त्यानं वाद मिटवून टाकला. मला मिटवायचा नव्हता.

मी घमेलं पुन्हा पालथं घातलं. रविवारचं सारवण आता मी करतो, वाईट करतो. पोरं घमेल्याभोवती खेळतात, त्याला चेंडू लागला तर पॉइंट पुन्हा घेतात. एखादा नवा मुलगा ते उचलायला वाकला की मी ओट्यावरून ओरडतो, "हात नोको लावजो! आउट होता तो बॉल!"