काचेवरचा रुमाल

माझा डोळा काचेपासून बाजूला झाला आणि अप्पासाहेबांनी खिशातून रुमाल काढला. पांढरा, इस्त्रीचा. पिस्तुलावर बसवलेल्या रेड डॉटची, नेम धरायच्या भिंगाची, काच त्यांनी पुढून पुसली, मागून पुसली. मग पिस्तुलाची मूठ पुसली. मग पिस्तूल पलीकडे सरकवत म्हणाले, "हं, बघा डॉक्टर." डॉक्टरांनी बघितलं, वा वा केलं, खाली ठेवलं. या वेळी रुमाल खिशातच राहिला.

मी काचेला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

अप्पासाहेब आमच्या शूटिंग क्लबाचे अध्यक्ष, टीमही तेच निवडतात. क्लबात रविवारचा सराव संपला की झाडाखाली एक टेबल लागतं. रिकामी केलेली पिस्तुलं त्यावर मांडतात. चहा येतो, भडंग येतं. कुणी नवीन काही घेतलं असेल तर ते सगळ्यांच्या हातातून फिरतं, सगळे त्यावर मत देतात. क्लबाची रीतच आहे ती. घ्यायच्या आधी दुसऱ्याचं वापरून बघायचं. मी त्या टेबलाशी बसायची. पण कडेला, आणि कुणी बोलावलं तरच.

मी पोस्टात काउंटरवर काम करते, राहायला उचगावात. कॉलेजात एनसीसीत होते, तिथं रायफल हातात आली आणि नाद लागला तो लागलाच. क्लबाच्या पॉइंट टू टू पिस्तुलावर मी सराव करते. नेम चांगला आहे माझा. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

पण चाळिशी लागली. साध्या पिस्तुलावर नेम धरायचा म्हणजे मागची खाच, पुढचं टोक आणि लांबचं टार्गेट, तिन्ही जुळवायची. माझं पुढचं टोक पुसट व्हायला लागलं. रेड डॉटमध्ये हे त्रांगडं नाही. काचेत एक लाल ठिपका दिसतो, तो टार्गेटवर ठेवायचा आणि चाप ओढायचा. सांगलीच्या स्पर्धेत खुल्या गटात तो चालतो, आणि क्लबाच्या टीममध्ये माझं नाव होतं. म्हणून मला रेड डॉट घ्यायचा होता. आयुष्यात पहिल्यांदा या खेळातली एखादी वस्तू माझी स्वतःची होणार होती.

लाजायचं कशाला, मला अप्पासाहेबांचाच आवडला होता. उघड्या काचेचा, बाहेरून मागवलेला, मोठ्या ठिपक्याचा. त्यातून बघितलं की हात दगडासारखा स्थिर वाटायचा. मी विचारलं, "अप्पासाहेब, हा कुठनं मागवला?" ते हसले. "तुला कशाला पाहिजे ह्यो? तुला साधासुधा बास की." टेबलावरचे सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम पाळत ठेवली. म्हटलं, माणूस टापटिपीचा असेल, आपणच वेड्यासारखं मनात घेतो. क्लबातल्या एका कारखानदाराच्या मुलानं भडंग खाल्लेल्या तेलकट हातानं पिस्तूल उचललं. रुमाल निघाला नाही. डॉक्टर काचेजवळ शिंकले. रुमाल निघाला नाही. मग मी म्हटलं, "बघू का जरा?" बघितलं. खाली ठेवलं. रुमाल निघाला.

आमचे कोच समोरच होते. त्यांनी पाहिलं. आणि मग ते आपल्या बुटांकडं बघत बसले.

घरी आईला सांगितलं. तिचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या उसात भांगलण्यात गेला. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "पुसलं तर पुसू दे की. तू कशाला बघाय गेलतीस त्येच्यातनं?" मला तिचाही राग आला. त्या आठवड्यात मला सगळ्यांचाच राग येत होता. काउंटरवर लोक पाकीट पुढं करायचे आणि मी त्यांच्या हाताकडं बघायची. बोट लागलं की मागं घेतात का? बहुतेक कुणीच घेत नव्हतं. तरी मी बघत राहायची. सरावाला हात थरथरायचा. गोळ्या नऊच्या, आठच्या वर्तुळात भरकटायच्या. कोच म्हणाले, "लक्ष कुठाय तुझं?" त्यांना माहीत होतं कुठं आहे ते.

दसरा आला. दसऱ्याला क्लबात शस्त्रपूजा असते. टेबलावर लाल कापड, त्यावर तलवारी, बंदुका, पिस्तुलं, झेंडूची फुलं. आम्ही बौद्ध. आमचा तो धम्मचक्र प्रवर्तन दिन; घरी त्या दिवशी पांढरे कपडे घालून विहारात जायचं असतं. सकाळी वंदना झाली, खीर वाटली. स्पर्धा पुढच्याच रविवारी होती, म्हणून दुपारी मी त्याच पांढऱ्या साडीत सरळ रेंजवर गेले.

तिथं गोंधळ चाललेला. अप्पासाहेब पिस्तूल समोरच्या, गोळ्या अडवायच्या बांधाकडं धरून काचेतून बघत होते आणि बटणं दाबत होते. लाल ठिपका दिसत नव्हता. "बॅटरी गेली काय रं?" कोचनी पिस्तूल घेऊन पाहिलं. बॅटरी ठणठणीत होती. पूजेत अप्पासाहेबांनी हळद-कुंकू कालवून अगदी भक्तिभावानं त्या रेड डॉटलाच टिळा लावला होता, वर नारळाचं पाणी शिंपडलं होतं. उघड्या काचेचा रेड डॉट तो. जिथून लाल उजेड काचेवर पडतो ते बारीक भोक मागं उघडंच असतं. त्यात कुंकवाचा चिखल बसला होता.

मला हसू आलं. मी ते दाबलं. तेवढ्यात अप्पासाहेबांचं माझ्याकडं लक्ष गेलं.

"बरं झालं आलीस पोरी. ये हिकडं. आत कुंकू गेलंय, जरा पुसून दे."

मी जागेवरच उभी.

"अगं ये की. असल्या कामाला तुमचाच हात बरा."

तुमचाच. एकटीसाठी तुझा म्हणतात. तुमचा कुणाचा, ते तिथल्या सगळ्यांना कळलं. कारखानदाराच्या मुलानं मोबाइल काढला आणि त्यात डोकं घातलं. कोचनी पुन्हा बुटांकडं पाहिलं. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पण हात, आठवडाभर थरथरणारा माझा हात, अगदी गप्प होता.

मी म्हटलं, "अप्पासाहेब, मी नुसतं बघितलं तरी तुम्ही काच पुसता. आता माझ्याकडनंच पुसून घेताय?"

"कवा पुसली?"

"दर रविवारी. खिशात रुमाल हाय की तुमच्या. काढा."

ते माझ्या साडीकडं बघत म्हणाले, "सकाळी विहारात कुणी डोस्कं भरवलं काय तुझं?"

"न्हाय पुसणार मी."

"मग सांगलीच्या टीममध्ये तुझं काम न्हाय."

कोच म्हणाले, "अप्पासाहेब, तिचा स्कोअर..." आणि थांबले. पुढचं वाक्य ते आजतागायत बोललेले नाहीत.

मी घरी आले. रडले, खोटं कशाला सांगू. टीम गेली याचं वाईट वाटलं, आणि इतके दिवस त्या टेबलाशी हसत बसले याचं त्याहून वाईट वाटलं. आईनं सगळं ऐकलं. पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि म्हणाली, "मग आता सोडणार व्हय?"

मी सोडणार नव्हते. एकट्यानं नाव नोंदवता येतं. मी नोंदवलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि शहरातल्या दुकानात जाऊन रेड डॉट बघायला बसले. कुणाचं मत नाही, कुणाचं टेबल नाही. दुकानदारानं उघड्या काचेचा, मोठ्या ठिपक्याचा पुढं केला. "ह्यो घ्या ताई, सगळी ह्योच नेत्यात. ह्येच्यात हात हललेला कळत न्हाय." मी तो परत दिला. पॉइंट टू टूला गोळी सुटताना झटका नसल्यासारखाच, म्हणून त्यावर भक्कम, जडशीळ काही नको होतं. मी बंद नळीचा घेतला. हलका. धूळ, कुंकू काही आत जात नाही. आणि ठिपका सगळ्यात बारीक. बारीक ठिपक्यात हाताची प्रत्येक थरथर दिसते, म्हणून लोक तो घेत नाहीत. मला दिसायलाच हवी होती. माझा हात कुठं हलतो आणि कुणामुळं हलतो, हे मला यापुढं स्वतःपासून लपवायचं नव्हतं.

सांगलीत पहिली आले नाही. पण क्लबाच्या टीममधल्या सगळ्यांच्या पुढं होते. परतल्यावरच्या रविवारी मी रिकामं केलेलं पिस्तूल, वर माझा रेड डॉट, टेबलाच्या मधोमध ठेवलं. खुर्ची ओढली आणि बसले. कडेला नाही. कुणी बोलावलंही नव्हतं.

डॉक्टरांनी बघितलं. कारखानदाराच्या मुलानं बघितलं. अप्पासाहेब आले, उभे राहिले. त्यांचा हात सवयीनं खिशाकडं गेला.

मी म्हटलं, "बघा की अप्पासाहेब. सगळ्यांनी बघितलंय. फक्त ह्या टेबलावर रुमाल काढायचा न्हाय."

ते न बघताच गेले. चहा घेतला नाही. त्यांच्यामागं आणखी दोघं उठले. टेबल निम्मं रिकामं झालं.

होऊ दे. पुढच्या रविवारी मी पुन्हा तिथंच ठेवणार आहे. मधोमध.