श्रीरंगने कमरेला बांधलेली भीती

केतकीचा फोन आला तेव्हा मी फ्रँकफर्टच्या ऑफिसात होते, मीटिंग संपवून नुकतीच जागेवर येऊन बसले होते. केतकी म्हणजे माझ्या मावसभावाची, श्रीरंगची बायको. "ताई, श्री गेला," एवढं बोलून ती थांबली... आणि मला काही सुचायच्या आत म्हणाली, "आणि ताई, पोलीस विचारताहेत, तो नक्की काय काम करायचा?" काय काम करायचा! इथे जर्मनीतच, बोब्लिंगेनला राहून हा माणूस वीसेक वर्षं मोटारींच्या सीट बनवत होता. लांबच्या प्रवासात कुणाची पाठ दुखू नये, मांडी अवघडू नये, एवढंच त्याचं काम. अशा माणसाबद्दल पोलीस विचारत होते, कारण संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना तो रस्त्यात कोसळला आणि त्याच्या कमरेला पिस्तूल सापडलं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलणार आहे. पण आधी भांडणार आहे, कारण महिना उलटून गेला तरी माझा राग उतरत नाही आणि ज्याच्याशी भांडायचं तो तर निघून गेला. श्री माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. सुट्टीत मी नाशिकला मावशीकडे जायचे तेव्हा हे शेंबडं पोर माझ्या फ्रॉकचं टोक धरून फिरायचं. पहिल्या नंबरचा भित्रा. उंदीर दिसला की कॉटवर, फटाका वाजला की माझ्यामागे. गल्लीत कुत्री फार, म्हणून शाळेत जाताना खिशात मारीची बिस्किटं ठेवायचा. कुत्रं दिसलं की लांबूनच एक फेकायचा. परिणाम असा झाला की गल्लीतली सगळी कुत्री त्याला रोज शाळेपर्यंत सोडायला जाऊ लागली, आणि हा मध्ये जीव मुठीत धरून, डोळे अर्धे मिटून चालतोय! मावशी दारात उभी राहून हसायची. म्हणायची, "माझ्या पोराच्या खिशात बिस्कीट आहे, त्याला कोण काय करणार?"

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मावशी आणि काका त्याच्याकडे राहायला आले होते. एके दिवशी फलाटावर गाडीची वाट बघत असताना तीन पिऊन तर्र झालेली माणसं आली. त्यातल्या एकाने काकांच्या हातातली काठी ओढून रुळांवर फेकली, दुसऱ्याने त्यांना खांद्याला धक्का दिला, तिसरा 'आपल्या देशात जा' वगैरे ओरडत होता. आणि श्री काय म्हणाला? "एन्टशुल्डिगुंग." माफ करा म्हणाला तो. काठी यांची गेली, धक्का यांना बसला आणि माफीही याच्याच तोंडातून निघाली. घरी आल्यावर काका फक्त म्हणाले, "बरं केलंस, वाद घातला नाहीस ते." पुढच्या वर्षी काका नाशिकला वारले. श्रीच्या डोक्यात मात्र पक्कं बसलं, की आपण नेभळट आहोत हे बघूनच वडील गेले. मी हजारदा सांगितलं, अरे, काकांनी मनापासून म्हटलं होतं ते, त्यांना तुझी काळजी होती. ऐकेल तर शपथ.

मग एका रविवारी तो माझ्याकडे जेवायला आला. वरण-भात झाला, सोफ्यावर बसला, उठला, वाकून बुटाची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. मी म्हटलं, "काय रे, मुंग्या लागल्यात का?" तर खुशीत म्हणाला, "ताई, ओळख बघू, माझ्याकडे काय आहे?" मला वाटलं, नवीन फोन. त्याने स्वेटर वर केला. उजव्या कुशीला, जरा पाठीमागे, पँटच्या आत काळी मूठ. मी किंचाळलेच. "अगं, खरं नाही ते!" तो घाईघाईने सांगू लागला. "श्रेकशुस आहे. नुसता आवाज होतो, आणि डोळ्यांना झोंबणारा गॅस निघतो. गोळीबिळी काही नसते. बाळगायचा परवाना काढलाय, क्लाइनर वाफेनशाइन. एकदम कायदेशीर." मी म्हटलं, "दिसतं तर खऱ्यासारखंच." तो म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर! तोच तर फायदा आहे ना, ताई."

आणि मग तास दीड तास माझ्या मावसभावाने मला ते कसं निवडलं ते ऐकवलं. मुलगी बघायला गेला होता तेव्हाही एवढं बोलला नव्हता. दुकानदाराने काउंटरवर तीन ठेवली. मोठं हातात छान बसायचं, पण शर्टावरून त्याचा उंचवटा दिसायचा. अगदी चिमुकलं घेतलं तर करंगळीला धरायला जागाच उरायची नाही. म्हणून मधलं घेतलं, बोटं जेमतेम मावतील असं. घेतलं तर खरं, पण वागवायचं कुठे? पुढे खोचलं तर गाडी चालवताना पोटात घुसायचं, बरोबर कुशीवर ठेवलं तर जॅकेट फुगायचं, अगदी मागे नेलं तर खुर्चीत टेकता यायचं नाही. आठवडाभर कंबर धरली. मग याच्यातला सीटवाला इंजिनिअर जागा झाला. पँट एक नंबर मोठी घेतली, दुहेरी चामड्याचा ताठ पट्टा आणला, म्यानाचा, म्हणजे त्या होल्स्टरचा, कोन बदलून पाहिला. तरी चामडं कातडीला घासायचंच. तेव्हा या शहाण्याने काय करावं? मावशीने त्याला जर्मनीत येताना गोधडी दिली होती, काकांच्या जुन्या शर्टांची आणि तिच्या सुती साड्यांची. तिचा एक कोपरा कापला आणि म्यानाला आतून शिवला. "आता दिवसभर असतं, पण जाणवतही नाही," म्हणाला. "विसरायलाच होतं."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तू तर त्याला पट्ट्याने बांधून फिरतोस, एवढं मात्र म्हटलेलं आठवतं. खऱ्या पिस्तुलवाल्याने तुला बघितलं तर तो काय तुझा परवाना वाचत बसणार आहे का, असंही विचारलं. तो हसला. "आल्झो ताई, मी ते काढणारच नाही कधी. फक्त आहे एवढं माहीत असलं की मी सरळ चालतो." आणि खोटं कशाला बोलू, चालत होता खरा सरळ. खांदे मागे, मान वर, काकांसारखा. त्या दिवशी मला त्याचा राग आला आणि कीवही आली... आता नुसता राग येतो. माझ्या घरात ते चालणार नाही म्हणून निक्षून सांगितलं, तर पुढच्या वेळेपासून आला की निमूट काढायचा आणि टॉवेलात गुंडाळून दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेवायचा. गणपतीला मंडळाच्या कार्यक्रमात न्यायला कायद्याने बंदी, म्हणून तेवढ्या दिवशी घरी कुलपात असायचं. बाकी बारा महिने तेरा काळ कमरेला. भाजी आणायला जाताना, दाढदुखीला डॉक्टरकडे जाताना, बेकरीतून ब्रेड आणायला जाताना.

त्या संध्याकाळीसुद्धा हातात ब्रेडची पिशवी होती. स्टेशनजवळच्या बाकावर तो बसला आणि बसल्या बसल्या कलंडला. हार्ट अटॅक. हे सगळं आम्हाला सांगितलं ते एका साठी ओलांडलेल्या जर्मन बाईंनी. तेराव्यानंतर फुलं घेऊन त्या केतकीच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मी तिथेच होते. श्री कोसळला त्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर त्यांची छोटी नात होती. त्यांनी आणि एका तरुण माणसाने श्रीला खाली निजवलं. बाईंनी त्याचा हात हातात घेतला, हाका मारल्या. तरुणाने छाती दाबायला जागा करावी म्हणून जॅकेटची चेन उघडली, स्वेटर वर सरकवला... आणि ओरडला, "वाफे!" हत्यार! सगळे मागे सरले. बाईंनी नातीला उचललं आणि त्या रस्त्यापलीकडे पळाल्या. अँब्युलन्सला फोन करताना कुणीतरी सांगितलं, माणसाकडे पिस्तूल आहे. मग अँब्युलन्स कोपऱ्यावर येऊन थांबली, आधी पोलीस आले, त्यांनी ते काढून घेतलं, मग डॉक्टर पुढे झाले. तोवर माझा भाऊ फरशीवर एकटा पडून होता आणि आजूबाजूला माणसंच माणसं होती, लांब उभी.

वेळेवर छाती दाबली असती तर वाचला असता का, असं केतकीने डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. सांगता येत नाही! या एका वाक्याबरोबर तिने आयुष्य काढायचं. त्या बाई माझ्यासमोर बसून रडत होत्या, "मला भीती वाटली हो, फार भीती वाटली," म्हणत होत्या. मी त्यांच्यावर कशी चिडू? माझी नात बरोबर असती तर मीही पळाले असते. पोलिसांवर चिडू? अँब्युलन्सवाल्यांवर? त्यांनी त्यांचं काम केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला द्यायची? मी चिडते ती तुझ्यावर, श्री. ते टोचत असतं, घासत असतं, तर एखाद्या दिवशी कंटाळून घरी टाकलं असतंस. बाकावर बसलास, छातीत कळ आली, तेव्हा तरी ते काढून लांब भिरकावायचं सुचलं असतं. पण नाही, तू ते इतकं छान बसवलंस की तुला त्याची आठवणही झाली नाही. अख्ख्या जगाच्या पाठीची काळजी वाहिलीस ना गाढवा, तीच अक्कल इथे लावलीस. लोकांनी भ्यावं म्हणून बांधलंस, आणि लोक भ्याले.

यावर कडी म्हणजे निखिल, त्याचा ऑफिसातला मित्र. भेटायला आला, चांगला हळहळला, आणि निघताना दबक्या आवाजात केतकीला म्हणतो, "वहिनी, तो होल्स्टर परत मिळाला का हो? श्रीने मस्त जमवला होता. मी पण एक घेतलंय हल्ली, पण माझं फार टोचतं." मी म्हटलं, "टोचतंय ना? टोचू दे. रोज टोचू दे. आणि आता नीघ इथून." पोरगा चपला हातात घेऊन जिना उतरला. पिस्तूल पोलिसांनी ठेवून घेतलं होतं, पट्टा आणि म्यान तेवढं सामानाच्या पिशवीतून परत आलं होतं. ते मी त्याच दिवशी माझ्या पर्समध्ये टाकून फ्रँकफर्टला आणलं. उद्या आणखी कुणी मागायला नको.

मावशीला आम्ही फक्त हार्ट अटॅक एवढंच सांगितलं होतं. पण गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "शैले, त्याची गोधडी पाठव गं माझ्याकडे. मी पांघरीन." झालं! गोधडी पाठवायची तर कोपरा कुठे गेला ते सांगणं आलं. मी केतकीकडून गोधडी मागवून घेतली आणि म्यान उसवलं. काकांच्या तपकिरी चौकड्याच्या शर्टाचा तुकडा होता तो, घामाने कडक झालेला. दोनदा धुतला, तरी चामड्याचा काळा डाग निघाला नाही. फोन स्पीकरवर टाकला, तुकडा गोधडीला जोडत बसले आणि मावशीला सगळं सांगितलं. फलाटापासून बाकापर्यंत. हे लिहिते आहे तेही तिला विचारूनच.

ती रडली नाही. म्हणाली, "म्हणजे माझ्या श्रीला लोक घाबरले?"

"हो गं मावशी."

"श्रीला? अगं, तो कुत्र्यांना बिस्किटं टाकायचा..."

मी टाके घालत राहिले. तिने विचारलं, "मग शेवटी त्याला हात तरी कुणी लावला का?"

"लावला ना. एका बाईंनी त्याचा हात धरला होता."

"किती वेळ गं?"

"जॅकेटची चेन उघडेपर्यंत," मी म्हटलं.

कोपरा जोडून झालाय. टाके माझे आहेत, मावशीइतके बारीक नाहीत, हात लावला की जाणवतात. जाणवू देत. उद्या पार्सल टाकते.