तिसरी शेपटी

हिच्या मामांइतकी मनापासून काळजी करणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आणि झाला असेल तर तो त्या काळजीनंच लवकर गेला असेल. मामा मात्र काळजीवरच पोसलेले होते. आमच्याकडे जुन्नरला यायचे ते आधी दोन पत्रं पाठवून. पहिलं येत असल्याचं, आणि दुसरं, पहिलं पोचलं की नाही हे विचारणारं. एस.टी.त ड्रायव्हरला डुलकी लागेल या धास्तीनं त्याच्या मागच्याच बाकावर बसून ते मुद्दाम खाकरत राहायचे. एकदा नारायणगावला ड्रायव्हरनं गाडी थांबवून हात जोडले, "बाबा, तुमी जरा झोपा, म्हंजी मला नीट गाडी हाकता यील!" मामा झोपले नाहीत. जेवायला बसले की भातात खडा असेल म्हणून सगळा भात बोटांनी चिवडायचे, आणि खडा सापडला नाही तर जास्तच बेचैन व्हायचे. नसायचं कारणच नाही, मग गेला कुठे?

पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते नोकरीला होते. मुलांना बेडूक कापून दाखवायचा, बरण्यांमधलं स्पिरिट बदलायचं, प्रोफेसरांच्या लेखांसाठी आकृत्या काढून द्यायच्या, हे त्यांनी पंचवीस वर्षं केलं. लेख छापून यायचे, त्यांत मामांचं नाव कुठेच नसायचं. त्यांचा जीव खरा अडकला होता तो डोंगरातल्या ओढ्यांत. तिथे दगडांच्या पोटाला तांदळाच्या दाण्याएवढ्या चपट्या अळ्या चिकटलेल्या असतात. अळीची पुढे माशी होते आणि ती माशी जेमतेम एखादा दिवस जगते. इंग्रजीत तिला मेफ्लाय म्हणतात. आपल्याकडे तिचं बारसं करायला कुणाला सवड झालेली नाही. तिच्या पुष्कळ जाती, आणि कुठली ती ओळखायची तर पायाची नखी, पोटाच्या बाजूचे कल्ले आणि शेपट्या हे सगळं भिंगातून बघायचं. मी शाळामास्तर, मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मामांनी पहिल्याच दिवशी माझी शिकवणी घेतली. "जावईबापू, पायाला दोन नख्या दिसल्या तर ती आपली नव्हे, सोडून द्या. नखी एक हवी. शेपट्या तीन. पण काहींना दोनच असतात. घोटाळा होतो तो तिथेच." घोटाळा हा शब्द तोंडून निघताना त्यांचा चेहरा खरोखर उतरला.

घाटघरच्या वरच्या ओढ्यात ते धोतर खोचून एकेक दगड उलटा करू लागले की धुणं धुणाऱ्या बायका थांबून बघत राहायच्या. एकदा एका म्हातारीला राहवेना. "पावणं, सोन्याची आंगठी पडली व्हय?" मामा काही बोलायच्या आत चारपाच जणी पदर खोचून पाण्यात उतरल्या. अर्धा तास सगळा ओढा ढवळून निघाला. गंमत म्हणजे थोड्या वेळानं मामाही घाबरेघुबरे होऊन त्यांच्याबरोबर अंगठी शोधायला लागले. त्यांच्याकडे अंगठी कधी नव्हतीच, हे मी सांगितलं तेव्हा कुठे त्यांना हायसं वाटलं.

एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्यांना याच ओढ्यात एक अळी मिळाली. मांडीवर तपकिरी ठिपका, कल्ल्यांची पहिली जोडी पोटाखाली वळलेली, आणि शेपट्या दोन. अशी अळी त्यांच्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. कुपीत घालून त्यांनी ती कलकत्त्याच्या एका तज्ज्ञांकडे पाठवली. तिकडून उत्तर आलं की शेपट्या तीन असतील तर ती नोंदलेलीच जात, पण खात्रीनं दोनच असतील तर जात नवी आहे, तुमच्या नावानं छापू, महिनाअखेर नक्की कळवा.

नाताळात मामा आले ते हे पत्र घेऊन. मी पेढे आणायला निघालो, तर त्यांनी मला दंडाला धरून बसवलं. "शेपट्यांच्या मधोमध एक ठिपका दिसला होता मला. मळ समजून सोडून दिला. आता रोज स्वप्नात येतो. ती मोडलेल्या शेपटीची मुळी असेल तर? माझ्याच चिमट्यानं मोडली असेल तर?" ही म्हणाली, "मामा, एवढ्याशा किड्याची शेपटी! कोण बघायला जातंय?" मामा म्हणाले, "बाळे, कुणी बघायला जात नाही, हीच तर भीती आहे."

तशीच दुसरी अळी शोधायची, एवढा एकच मार्ग होता. आम्ही घाटघरला मुक्काम ठोकला. पाणी रोज उतरत होतं. दोन दिवस शेकडो दगड उलटे केले, ठिपकेवाली एकही नाही. तिसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर धारेतल्या एका दगडाखाली ती सापडली. या खेपेला मामांनी चिमटा खिशातून काढलासुद्धा नाही. रंगाच्या ब्रशानं अलगद सरकवून त्यांनी ती पांढऱ्या थाळीतल्या पाण्यात घेतली. मग भिंग माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही मोजा. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. त्यांना दोनच बघायच्या आहेत."

मी वाकून बघितलं. तीन होत्या. स्वच्छ, लांब, तीन. डोळ्यांपुढे त्यांच्या पंचवीस वर्षांच्या बरण्या आल्या आणि मी म्हणालो, "दोन."

मामा हळूच म्हणाले, "जावईबापू, दोन असत्या तर तुम्ही ओरडला असता."

त्यांनी भिंग परत घेतलं आणि स्वतः मोजलं. बराच वेळ मोजलं. "तीन," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा काळजीचा लवलेशही नव्हता. त्यांना तसं बघायची मला सवय नव्हती आणि मला ते अजिबात आवडलं नाही. जुन्नरला परतल्याबरोबर त्यांनी चूक आपली आहे असं कलकत्त्याला लिहिलं, आणि दोन दिवसांनी, ते पत्र पोचलं का, असं दुसरंही लिहिलं. आभाराचं एक कार्ड आलं. मामांचं नाव काही कधी छापून आलं नाही.

त्यानंतरही ते दर सुट्टीला यायचे. माझ्या चपलेचा अंगठा तुटेल, शेवाळावरून माझा पाय घसरेल, गार पाण्यानं मला पडसं होईल, ही काळजी रतीभरही कमी झाली नाही. थाळी माझ्याकडे असायची, ब्रश, कुप्यांचा डबाही मीच सांभाळायचो. पण भिंगासाठी हात पुढे केला की मायेनं म्हणायचे, "असू द्या, डोळ्यांना ताण पडतो." मला त्यांचा राग कधी आला नाही. वाईट मात्र वाटायचं आणि मामांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी अजून वाटतं. मोजायला त्यांनी मला पुन्हा कधीच सांगितलं नाही.