इनुसमामांनी बांधलेलं शत्रूचं शहर

वरवंडात लग्न असो नाहीतर गणपती, मांडव इनुसमामांचाच. काम चालू असताना कुणी सल्ला दिला, की मामा कात्री त्याच्याच हातात ठेवायचे आणि सरळ चहाला निघून जायचे. असला ताठा! पण थर्माकोलचा महाल असा उभा करायचे, की लोक दार ढकलून बघायचे.

यंदा मंडळाचा अध्यक्ष विश्वजीत. उन्हाळ्यात सीमेवर तोफा वाजल्या, तेव्हापासून हा गडी मोबाइलवर मेसेज लिहून रोज शत्रूवर अणुबॉम्ब टाकत होता.

"मामा, देखावा ठरला! शत्रूचं शहर करा. वरनं अणुबॉम्ब येणार, धूर, आवाज, सगळं सपाट!"

"फौजेचा तळ करू का वस्ती?"

"वस्तीच करा. बॉम्ब काय पत्ता विचारून पडतो व्हय?"

मामांना वस्ती नको होती. नाही म्हणावं, तर कुणीतरी पचकणारच, मांडववाल्याला तिकडचा पुळका आला म्हणून. इतक्या वर्षांचा गणपती हातचा जायचा आणि इज्जतही जायची. मामांनी कात्री उचलली.

आता तिकडचं शहर त्यांनी बघितलंय कुठं? हात चालेल तशी घरं होत गेली. बायको अमीरबी शेजारी बसून कागदाची माणसं कातरायची. "रिकामी घरं भुताची असत्यात. माणसं लावा," म्हणायची.

गणपती बसायच्या आदल्या संध्याकाळी तालीम ठेवली. पडदा सरकला, टाळ्या पडल्या. दूर्वा निवडत बसलेल्या पुतळाबाई चष्मा सावरत पुढं वाकल्या.

"आगं बया! ही तर माझी म्हस!"

सगळे वाकले. हायवे, पाण्याची टाकी, बाजार, देऊळ, मशीद. शत्रूच्या शहरात अख्खं वरवंड बसलं होतं! गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई बघून विश्वजीत गर्दीतून पुढं घुसला. ती त्याची आई होती.

"मामा, ह्यो काय चावटपणा?"

"आईशप्पथ, हातानं केलं, मला आत्ता दिसतंय!" मामा खरंच चाट पडले होते. मग त्यांचंही डोकं फिरलं. "पण बॉम्बचं बटन तुझ्याजवळ हाय. दाब की! मी धरलाय का हात?"

विश्वजीतनं बटणावर बोट ठेवलं आणि उचललं.

"थांब रं," पुतळाबाई ओरडल्या. "माझं गुडघं हे असलं, मी पळणार कशी? आन् म्हशीचं दावं कोण सोडणार?"

गावाचे कारभारी पोपटआबा पुढं आले. ते तोडग्याचे वस्ताद. "आपलं गाव नगं. वर पाटी लावा, शेजारचं कासुर्डी लिवा."

"माझी लेक दिलीया तिथं!" मागून एकजण भडकला.

"मग कारेगाव."

"माझा भाऊ कंपनीत हाय तिथं!"

"दौंड?"

"आबा, तुमचंच सासर की वो!" अमीरबीनं आठवण करून दिली. आबा खाकरले. हशा असा उसळला की वरून टांगलेला पुठ्ठ्याचा बॉम्बसुद्धा हलला.

विश्वजीत चिडला. "चेष्टा न्हाई ही! त्यांनी आधी टाकला तर? आपण काय आरती करायची?"

हशा थांबला. प्रश्न खोटा नव्हता. मामा जवळ आले.

"जो मारायला आलाय त्याला आडव, मी तुझ्या पुढं उभा ऱ्हातो. पर ह्यो बॉम्ब पापड वाळवणाऱ्या बाईवर पडतो रं. मागनं जन्मलेल्या पोराच्या अंगावर बी त्याचं इख वरीसवरीस उतत ऱ्हातं. तिकडचं गाव मी बघितलं न्हाई. बघितलं असतं तर तिथं बी कुणाची तरी आईच घावली असती."

विश्वजीतनं पुन्हा गच्चीकडं बघितलं. मग स्टूल ओढून वर चढला, बॉम्ब उतरवला आणि मामांच्या अंगावर फेकला.

"पुठ्ठा चांगला हाय. ह्याची शाळा करा. शाळा इसरलाय तुम्ही."

दुसऱ्या दिवसापासून मांडवापुढं रांग हटेना. जो तो आपलं घर हुडकत होता. आता बटण दाबलं की घराघरांत दिवा लागायचा आणि पोरं नाचायची. मामांना मात्र जेवायला फुरसत नव्हती.

"मामा, आमची टाकी काळी हाय, तुम्ही निळी केली!"

"माझ्या म्हशीचं एक शिंग आखूड झालंय!" पुतळाबाई तर रोज यायच्या.

आठव्या दिवशी मामांनी कात्री त्यांच्या हातात ठेवली आणि चहाला निघून गेले.