सगुणाबाईंच्या हाकेला

पेठच्या बाजूला डोंगरात आमचं गाव. सगुणाबाई तिथल्या पोलीस पाटील. पाटील म्हटलं की लोकांना मिशा आठवतात. आमच्या पाटलांच्या वाट्याला आली होती गुडघेदुखी आणि सतत वाजणारा मोबाईल. पोलीस ठाण्याला गावातलं कुणी हवं असलं की फोन त्यांनाच येई. मग त्या स्वतः त्याच्या घरी जात, समजूत घालून सोबत नेत. त्यांच्याशिवाय ठाण्याची पायरी चढायची नाही, हा गावचा रिवाज. पोलिसांवर कुणाचा काडीचा विश्वास नव्हता. सगुणाबाईंवर होता.

विहिरीवरचा पंप चोरीला गेला आणि संशय यादववर आला. घाबरून पोरगा रानात लपला. सगुणाबाई डोंगर चढून गेल्या, त्याला हाका मारल्या. नुसती विचारपूस आहे, संध्याकाळी घरी येशील, असं सांगितलं. तो निमूट निघाला. ठाण्यात फौजदारांनी बाईंना चहा पाजला आणि आता तुम्ही जा म्हणाले. बाई आल्या निघून. इथंच चुकलं.

यादव सुटला तेव्हा त्याला पाय टेकवत नव्हता, दोघांनी धरून घरी आणलं. पंप दुसऱ्याच गावच्या भंगारवाल्याकडे सापडला होता. यादव डोंगरात पडला होता, असं ठाण्याचं म्हणणं. आम्ही मारहाणीची तक्रार केली, चौकशी लागली. तसे फौजदार बाईंच्या घरी येऊन गोड बोलून गेले. आणला तेव्हाच तो लंगडत होता, एवढंच सांगायचं. पाटीलकीची मुदत संपत आली होती आणि ती वाढवायचा अहवाल फौजदारच देणार होते. आम्हाला वाटलं, बाई तसंच सांगतील. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं?

प्रांतांच्या कचेरीत ज्यांची चौकशी ते फौजदार खुर्चीत, आणि बाई उभ्या. माझं तर डोकंच फिरलं. पण बाई शांतपणे बोलल्या.

"उतरताना माझेच गुडघे आखडले व्हते, साहेब. यादवनं हात धरून मला खाली आणलं. तो लंगडत नव्हता."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पाटीलकी आता गेल्यातच जमा होती. गावाने बाईंना डोक्यावर घेतलं, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या तडक यादवच्या घरी गेल्या. तो भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या आईने बाईंना पाणी दिलं, शेजारी बसवून घेतलं.

"खरं बोललीस, लय बरं केलंस," ती म्हणाली. "पण पोलिसांना तो घावला नसता, सगुणाबाय. तुझ्या हाकेला बाहेर आला."